बिघडण्यासारखे काहीच नसलेले यंत्र

ज्या यंत्रात बिघडण्यासारखे काहीच नसते ते दुरुस्त व्हायला सर्वांत जास्त वेळ लागतो, हा सिद्धान्त अभियांत्रिकीच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळत नाही. तरीही ‘मेकॅनिकल मॉड’ बाळगणाऱ्या मंडळींनी तो आपापल्या स्वयंपाकघरातील टेबलांवर, बहुधा रात्रीच्या जेवणानंतर आणि घरातल्या इतरांच्या झोपेच्या वेळी, इतक्या सातत्याने सिद्ध करून दाखवला आहे की त्याची दखल घेणे भाग पडते. वेप म्हणजे तंबाखू न जाळता निकोटिन ओढण्याचे विजेरी साधन. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांच्या मिश्रणात निकोटिन व स्वाद घालून केलेला द्रव कापसात मुरतो, तो कापूस ज्या तारेच्या वेटोळ्यात खोवलेला असतो ती तार, म्हणजे कॉइल, विजेने तापते, द्रवाची वाफ होते आणि ती ओढणारा मनुष्य आपल्याच तोंडातून निघालेल्या ढगाकडे कौतुकाने पाहत राहतो. सर्वसाधारण वेपमध्ये बॅटरी आणि कॉइल यांच्या मध्ये एक चिप बसवलेली असते. ती कॉइलचा रोध मोजते, शॉर्टसर्किट झाल्यास वीज तोडते, बॅटरी उतरली की तसे सांगते आणि एकंदरीत मालकाचे त्याच्या स्वतःच्या स्वभावापासून रक्षण करते. मेकॅनिकल मॉडमध्ये ही चिप नसते. तांब्याची, पितळेची किंवा स्टीलची एक पोकळ नळी, तिच्या पोटात एक बॅटरी, बुडाशी दाबण्याचे बटण आणि डोक्यावर कॉइल सांभाळणारी ‘ॲटोमायझर’ नावाची डबी, एवढाच त्याचा प्रपंच असतो. बटण दाबले की वीज बॅटरीच्या धन टोकातून वर चढते, कॉइल तापवते, नळीच्याच भिंतीतून खाली उतरते आणि बटणावाटे बॅटरीच्या ऋण टोकाला जाऊन मिळते.

या साधेपणाचे विक्रेते भांडवल करतात, आणि त्यांच्या युक्तिवादात तर्कदृष्ट्या काहीही दोष नाही. सर्किट नाही, म्हणून ते जळणार नाही. स्क्रीन नाही, म्हणून ती फुटणार नाही. सॉफ्टवेअर नाही, म्हणून ते अडकणार नाही. या मांडणीतून एवढीच गोष्ट निसटते की चिप जे काम करत होती ते आता मालकाने करायचे असते, आणि मालकात बिघडण्यासारखे पुष्कळ असते.

या यंत्राची वंशावळ थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. पेनसिल्व्हेनियातील हर्बर्ट गिल्बर्ट या भंगार धातूच्या व्यापाऱ्याने १९६३ मध्ये धूररहित सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९६५ मध्ये त्याला ते मिळालेही, पण बाजाराने त्याकडे ढुंकून पाहिले नाही. पुढे २००३ मध्ये होन लिक या चिनी औषधनिर्मात्याने आज ओळखीची असलेली ई-सिगारेट घडवली. ती सिगारेटच्याच आकाराची आणि सिगारेटहून दुबळी असल्यामुळे अमेरिका व ब्रिटनमधील हौशी लोकांनी हातातल्या टॉर्च उघडल्या, त्यांतला बल्ब काढून टाकला आणि त्या जागी ॲटोमायझर बसवला. अशा फेरफार केलेल्या नळीला मॉड म्हटले जाऊ लागले. फिलिपीन्समधील कारागिरांनी पुढे हा प्रकार कलाकुसरीच्या पातळीला नेला, नळ्यांवर नक्षी आणि क्रमांक कोरले, आणि जिथे क्रमांक कोरलेली वस्तू निर्माण होते तिथे तिची नक्कल निर्माण होतेच, या न्यायाने चीनमधून ‘क्लोन’ म्हणवल्या जाणाऱ्या स्वस्त प्रतिकृतीही येऊ लागल्या. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात या सर्वांवर बंदी आहे. त्यामुळे प्रस्तुत विवेचनाची भूमी मुख्यतः ब्रिटनची आहे आणि त्यातील पात्रे तिथे स्थायिक झालेल्या मराठी गृहस्थांपैकी आहेत. कायद्यातील जाहिरातीच्या कलमाचा या लेखाला धोका नाही, कारण हा लेख शेवटपर्यंत वाचणाऱ्या व्यक्तीला हे यंत्र विकत घ्यावेसे वाटेल अशी शक्यता जवळपास नाही.

आता रोगलक्षणांकडे वळता येईल. मॉडधारक गृहस्थाची (यापुढे त्याला केवळ ‘धारक’ म्हटले आहे) मुख्य तक्रार ‘आज ओढायला मजा येत नाही’ या शब्दांत व्यक्त होते. या तक्रारीमागे मळलेले आटे, काजळलेला संपर्कबिंदू, सैल झालेली कॉइल, जळका कापूस अशी अनेक कारणे असू शकतात. परंतु बहुसंख्य वेळी कारण एकच असते आणि नेमके त्याकडेच पाहिले जात नाही. मॉडमध्ये बहुधा जी बॅटरी वापरली जाते तिला १८६५० म्हणतात, कारण तिची जाडी १८ मिलिमीटर आणि लांबी ६५ मिलिमीटर असते. पूर्ण भरलेली असताना ती ४.२ व्होल्ट देते आणि वापरागणिक हा आकडा खाली येत जातो. चिप असलेल्या वेपमध्ये ही घसरण चिप सावरून घेते; मॉडमध्ये सावरणारे कोणी नसल्यामुळे सकाळी ढगांसारखी येणारी वाफ तिन्हीसांजेला रोडावते. धारक ज्याला बिघाड म्हणतो ती पुष्कळदा केवळ संध्याकाळ असते.

परंतु धारकाच्या दृष्टीने बॅटरी उतरणे हे कारण अत्यंत क्षुल्लक आहे. ज्या गृहस्थाने पाने, चिमटे, रोधमापक आणि जवाहिऱ्याचे भिंग जमवले आहे, त्याला चार्जर दाखवणे हा त्याच्या व्यासंगाचा अपमान ठरतो. म्हणून निदानाच्या या पहिल्या पायरीवर घरोघरी जो संवाद होतो त्याचे स्वरूप ठरलेले असते.

‘बॅटरी चार्ज केलीस का?’ पत्नी विचारते.

‘बॅटरीचा प्रश्नच नाही.’

‘पण केलीस का?’

‘कालच केली.’

या उत्तरातील ‘काल’ हा कालवाचक शब्द नसून आत्मविश्वासवाचक शब्द आहे, हे पत्नीला ठाऊक असते आणि ती पुढे काही बोलत नाही. तिच्या मौनाचा अर्थ धारक संमती असा लावतो आणि टेबलावर सुपरमार्केटचे जाहिरातपत्रक पसरतो.

विघटनापूर्वी मित्रांचा सल्ला घेण्याची पद्धत आहे. या सल्ल्यांचा अभ्यास करता असे दिसते की प्रत्येक सल्लागाराला दुसऱ्याच्या यंत्रात तोच भाग दोषी वाटतो जो त्याने स्वतः नुकताच बदलून घेतलेला असतो. ज्याने नवे बटण घेतले त्याच्या मते बटणात वीज अडते. ज्याने पितळ सोडून तांबे स्वीकारले त्याच्या मते पितळेत मुळातच दम नाही. आणि ज्याने काहीच घेतलेले नसते तो फोनवर क्षणभर थांबून, आवाज खाली आणून विचारतो, ‘अरे, पण तुझा मॉड ओरिजिनल आहे ना?’ हा प्रश्न एकदा विचारला गेला की पुढचा अर्धा तास मूळ बिघाड विसरून नळीवरील क्रमांकाची अक्षरे भिंगाखाली तपासण्यात जातो, आणि त्यातून जो निष्कर्ष निघतो तो धारक कोणालाही सांगत नाही.

सल्लागारांचे एका बाबतीत मात्र एकमत असते, ते म्हणजे ओहमचा नियम. विद्युतदाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो, हे गेऑर्ग झिमोन ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ मध्ये पुस्तक लिहून सांगितले, तेव्हा त्याच्या देशातील विद्वानांनी त्याचे स्वागत थंडपणे केले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिले ते १८४१ मध्ये. आज त्याच लंडनच्या उपनगरांत, शाळेत हीच त्रैराशिके मास्तरांचा मार खाऊन सोडवलेली माणसे ती स्वखुशीने फोनवर सोडवतात: कॉइलचा रोध ०.२ ओहम, दाब ४.२ व्होल्ट, म्हणजे प्रवाह २१ अँपिअर, म्हणजे ८८ वॅट. रोध निम्मा केला तर प्रवाह ४२ अँपिअर होतो, आणि तो सोसण्याची ताकद या मापाच्या बॅटरीत नसते. इथे विनोद क्षणभर बाजूला ठेवावा लागतो, कारण २०१८ मध्ये फ्लोरिडात असाच एक मॉड फुटून एक तरुण मरण पावला, आणि चिप नसलेल्या नळीत चुकीला अडवणारे दुसरे कोणीही नसते. धारकालाही हे ठाऊक असते. प्रवाहाचे गणित तो तीन-तीनदा तपासतो; गॅसचे बिल मात्र एकदाही नाही.

विघटनाचा विधी गंभीर असतो. नळीचे टोपण काढले जाते, बॅटरी बाहेर येते, बुडाचे बटण फिरवून उकलले जाते आणि त्यातून संपर्काची पितळी कळ, पांढरी विद्युतरोधक चकती, रबराच्या बारीक ओ-रिंगा आणि दोन गोल चुंबके निघतात. ही चुंबके एकमेकांकडे सजातीय ध्रुव करून बसवलेली असतात, त्यामुळे ती एकमेकांना दूर ढकलतात आणि बोट काढताच बटण पुन्हा वर येते. स्प्रिंग तापून बसकी होते म्हणून ही योजना. सर्व भाग पत्रकावर निघाले त्या क्रमाने मांडले जातात आणि या क्रमाचे छायाचित्र काढले जाते. या छायाचित्रांची वैशिष्ट्ये उल्लेखनीय आहेत. त्यांत टेबल उत्तम येते, पत्रकावरील अर्ध्या किमतीतले कोंबडीचे तुकडे अत्यंत सुस्पष्ट येतात, आणि ज्या एका भागाचे वर-खाली लक्षात ठेवायचे होते नेमक्या त्याच भागावर धारकाचा अंगठा येतो.

मांडलेला क्रम टिकत नाही, याला कौटुंबिक कारणे आहेत. कोणीतरी चहाचा कप ठेवण्यासाठी पत्रक थोडे सरकवते. कोणीतरी टेबल पुसते. आणि घरात शाळकरी मूल असल्यास चुंबकाचे भवितव्य ठरलेलेच असते. रात्री साडेदहाला धारक जमिनीवर गुडघे टेकून टॉर्चच्या उजेडात चुंबक शोधत असतो आणि ते चुंबक फ्रिजच्या दारावर कालनिर्णयाचे सुटे पान धरून उभे असते. मुलीला विचारले असता ती सांगते, ‘बाबा, तुमचं एक तर आहे ना?’ एका चुंबकाला दूर ढकलण्यासाठी दुसरे चुंबक लागते, हे तत्त्व तिला समजावून सांगितले जाते, तेव्हा ती म्हणते, ‘मग आईला मागा.’ वीज आणि चुंबकत्व यांवरील कोणत्याही ग्रंथात या सूचनेचा विचार झालेला दिसत नाही.

दुरुस्तीचा जो टप्पा धारकाला सर्वाधिक आवडतो तो घासण्याचा. तांबे हवेने काळवंडते, त्यावर हाताच्या घामाचे डाग उमटतात, आणि ब्रिटिश सल्लागार यासाठी टोमॅटो सॉसपासून मीठ घातलेल्या व्हिनेगरपर्यंत अनेक द्रव्ये सुचवतात. मराठी घरात या ज्ञानाची गरज भासत नाही. देवघरातील तांब्या-पळीसाठी चिंच भिजत घातलेलीच असते, आणि भारतीय किराणा दुकानातून आणलेली पितांबरीची पुडी सिंकखालच्या कपाटात असते. अशा रीतीने जे यंत्र मायदेशी नेण्याची कायद्याने सोय नाही, ते परदेशात निरांजन आणि पंचपात्रीच्या रांगेत बसून उजळून निघते. त्यातल्या विसंगतीची जाणीव सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर होते. ‘हे कसलं भांडं गं?’ असे त्या विचारतात, आणि लेक उत्तर देते, ‘ह्यांचं आहे.’ ‘ह्यांचं’ हे वर्गीकरण इतके व्यापक आहे की त्यापुढे चौकशी करण्याचे कारण उरत नाही.

घासण्याविषयी शास्त्रीय सत्य असे की धातूवरील काळेपणाने वीज खरोखरच अडते, परंतु फक्त तिथे जिथे एक भाग दुसऱ्याला टेकतो: आट्यांवर, संपर्काच्या कळीवर, नळीच्या आतल्या कडेवर. ॲटोमायझर नळीवर बसतो त्या आट्यांना ५१० म्हणतात. त्यांचा व्यास जेमतेम सात मिलिमीटर असतो आणि एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर अर्धा मिलिमीटर. त्यांत साचलेला मळ काढायला अल्कोहोलात भिजवलेला कापसाचा बोळा आणि बरीच चिकाटी लागते. बाहेरील पृष्ठभाग आरशासारखा झाला तरी त्याने वाफेत तिळमात्र फरक पडत नाही. तथापि पाहुण्यांना बाहेरील पृष्ठभाग दिसतो आणि आटे दिसत नाहीत, त्यामुळे चिंचेचा बहुतांश भाग कुठे खर्च होतो याविषयी तर्क करण्याची आवश्यकता नाही.

यानंतर कॉइल. मूळ तक्रार कॉइलविषयी नव्हती, पण सगळे उघडलेच आहे तर तीही करून टाकू, असा विचार या टप्प्यावर येतोच. लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांच्या कँथल नावाच्या मिश्रधातूची, किंवा निकेल आणि क्रोमियमच्या नायक्रोमची तार एका सळईभोवती गुंडाळली जाते, तिची दोन्ही टोके ॲटोमायझरच्या खांबांत स्क्रूने आवळली जातात आणि मग अगदी थोडा वेळ बटण दाबून ती तापवून पाहिली जाते. नीट बसलेली कॉइल मधोमध लाल होऊन तो लालपणा बाहेरच्या वेटोळ्यांकडे पसरतो. एखादेच वेटोळे आधी तापत असेल तर चिनी मातीच्या टोकांच्या चिमट्याने त्यावरून हलकेच घासावे लागते. एका जाड तारेवर दुसरी बारीक तार सलग गुंडाळून केलेल्या कॉइलला, ती गिटारच्या तारेसारखी दिसते म्हणून, एरिक क्लॅप्टनचे नाव मिळाले आहे, आणि ज्यांना पेटीवर सा लावता येत नाही असे गृहस्थही ‘क्लॅप्टन आज जरा सैल झाला’ असे सहज म्हणून जातात.

कॉइलचा लालपणा नीट दिसावा म्हणून स्वयंपाकघरातील दिवा घालवला जातो. इथून घटनांना वेग येतो.

‘लाइट का घालवलास?’

‘एक मिनिट.’

‘अरे, माझे हात कणकेत आहेत.’

‘हॉटस्पॉट बघतोय.’

‘काय बघतोयस?’

‘मधूनच एक वेटोळं आधी तापतंय.’

‘इथंही तेच होतंय,’ अंधारातून उत्तर येते.

दिवा लागतो तेव्हा असे दिसते की तारेची जास्तीची टोके कापताना त्यांतले एक टोक उडाले आहे. ते डोळ्यात गेलेले नाही, टेबलावर नाही, जमिनीवर नाही. आणि मळलेल्या कणकेकडे सर्वांची नजर एकाच वेळी जाते. त्या रात्री जेवायला बाहेरून पिझ्झा येतो. कॉइलला लागलेल्या तारेची किंमत काही पेन्स असते, ही गोष्ट धारक पुढे बचतीचे उदाहरण म्हणून सांगतो आणि पिझ्झाचा उल्लेख त्यात येत नाही.

कापूस भरणे हा या शास्त्रातील अध्यात्माचा भाग आहे. तो सैल राहिला तर द्रव गळतो आणि खिशातल्या रुमालाला आंब्याचा वास येतो. घट्ट झाला तर द्रव पोचत नाही, कोरडा कापूस जळतो आणि धारकाच्या घशाला जो ठसका लागतो त्याला जाणकार ‘ड्राय हिट’ म्हणतात. नेमका किती कापूस, हे कोणीही सांगू शकत नाही. विचारले तर ‘हाताला कळतं’ असे उत्तर येते. एका अर्थाने हे ज्ञान घरात आधीपासून होतेच. धारकाची आजी रॉकेलच्या स्टोव्हच्या बर्नरमध्ये पिन घालताना, निळी ज्योत भरभरू लागेपर्यंत, हेच वाक्य म्हणत असे. तिथेही द्रव तापून त्याची वाफ होत असे, तिथेही बारीक छिद्रात काजळी अडकत असे. फरक इतकाच की आजी स्टोव्ह दुरुस्त झाल्यावर त्यावर भात ठेवत असे, आणि तिला कोणी तिच्या बर्नरच्या अस्सलपणाविषयी विचारलेले नाही.

पुनर्जोडणीविषयी जे लेखन उपलब्ध आहे त्यात ‘काढले त्याच्या उलट क्रमाने बसवावे’ असे एक वाक्य आढळते. हे वाक्य लिहिणाऱ्याने कधी काही बसवले असावे असे वाटत नाही. काढण्याच्या क्रमात चहाचा कप, कालनिर्णय आणि अंधार यांचा समावेश असतो आणि ते उलट करता येत नाहीत. (प्रस्तुत लेखकाला स्वतःला मिक्सरच्या भांड्याचे रबर धड बसवता येत नाही, असे त्याच्या घरच्यांचे मत आहे, परंतु सैद्धान्तिक विवेचनात अशा वैयक्तिक मतांना स्थान नसते.) सर्वांत आधी विद्युतरोधक चकती जागेवर बसली पाहिजे, कारण ती राहिली तर नळी आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामधले सगळे अंतर मिटते. त्यानंतर चुंबके. छायाचित्र उघडले जाते. अंगठा दिसतो. मग धारक चुंबकांच्या बाजूंचा विचार करतो, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या दिसतात हे त्याच्या लक्षात येते, आणि ज्या बाजूला चुंबके आपण होऊन बसू पाहतात त्या बाजूला तो त्यांना बसू देतो. ती सहज, टक् असा आवाज करून, एकमेकांना चिकटतात. इतके चांगले ती यापूर्वी कधीच बसली नव्हती, असे त्याला वाटते, आणि ते खरेच असते.

एकमेकांना ओढणाऱ्या चुंबकांचे बटण वर येत नाही; ते दाबलेल्याच स्थितीत राहते. बॅटरी आत सरकवून टोपण फिरवताच, बोट बटणावर नसतानाही, ॲटोमायझरमधून गुरगुर ऐकू येते आणि वाफ निघू लागते. पहिल्या क्षणी धारकाच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरतो त्याचे वर्णन करणे कठीण आहे.

‘झालं! चालू झालं!’

‘मग बंद कर आता, वास येतोय.’

‘बंदच आहे.’

हे दोन शब्द उच्चारता उच्चारता त्यांचा अर्थ धारकाला कळतो, आणि पुढचे काही क्षण तप्त तांब्याची नळी पोळ्यांच्या फडक्यात धरून टोपण उलटे फिरवण्याच्या प्रयत्नात जातात, जे टोपण घाईघाईने तिरपे आवळल्यामुळे आट्यांत चढलेले असते. बॅटरी बाहेर येते. फडक्यावर गोल तांबूस डाग पडतो. पत्नी काही म्हणत नाही. ती खिडकी उघडते.

चुंबक उलटे करून, आटे सावरून, सर्व काही पुन्हा जोडल्यानंतर पत्रकावर एक ओ-रिंग उरते. ती कुठली हे कळत नाही आणि तिच्यावाचून काही अडतही नाही. प्रत्येक जोडणीनंतर अशी एखादी रिंग उरते, आणि यंत्रातील रिंगा तरीही संपत नाहीत, ही बाब पदार्थाच्या अविनाशित्वाच्या नियमाशी जुळवणे अवघड आहे. या रिंगा नाताळात मिळालेल्या चॉकलेटच्या रिकाम्या डब्यात साठवल्या जातात. त्या डब्यात मूळ यंत्रापेक्षा अधिक सुटे भाग असतात, आणि पाहुण्यांची मुले तो चॉकलेटच्या अपेक्षेने उघडून हिरमुसतात.

ब्रिटनमध्ये हा सारा खटाटोप सक्तीचा आहे असे नाही. तिथे निकोटिनयुक्त द्रवाची बाटली १० मिलिलिटरची आणि निकोटिनचे प्रमाण मिलिलिटरला २० मिलिग्रॅम, यापलीकडे जाता येत नाही, आणि या नियमांत बसणारी चिपयुक्त, सुरक्षित, कंटाळवाणी वेपयंत्रे कुठल्याही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. एकदा वापरून फेकण्याची वेप तर इतकी फोफावली होती की तिच्यातील लिथियम बॅटऱ्यांचा कचरा आणि शाळकरी मुलांतील प्रसार यांमुळे १ जून २०२५ पासून तिच्या विक्रीवर बंदी आली. त्या दिवशी धारकाने ऑफिसातील सहकाऱ्यांना ‘मी आधीच सांगितलं होतं’ असे ऐकवले. त्याने आधी काहीही सांगितले नव्हते, पण ज्यांनी आयुष्यात एकही वस्तू उघडून पाहिलेली नाही त्यांच्याशी तपशिलावर वाद घालण्यात त्याला रस नव्हता. निकोटिन सोडून देणे हा आणखी एक मार्ग वैद्यकशास्त्र सुचवते. त्याला दुरुस्ती म्हणता येत नाही, म्हणून धारक त्याचा विचार करत नाही.

निदानाच्या इतिहासात नोंदवण्याजोगे एक प्रकरण मात्र सांगितले पाहिजे. असाच एक धारक, असाच जोडून झालेला आणि तरीही न ओढणारा मॉड हातात घेऊन बसलेला असताना, उन्हाळ्यात लेकीकडे आलेले त्याचे सासरे तिथे आले. ते एस.टी.च्या सांगली आगाराच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले असल्यामुळे उघडलेले यंत्र आणि हताश माणूस हे दृश्य त्यांना नवीन नव्हते.

‘काय आहे हे, जावईबापू?’

धारकाने पत्नीकडे पाहिले. पत्नीने छताकडे पाहिले.

‘टॉर्च आहे, बाबा.’

हे उत्तर असत्य म्हणावे तर मॉडची सारी वंशावळ आड येते. सासऱ्यांनी खुर्ची ओढली, चष्मा नाकावर खाली घेतला, नळी हातात घेऊन ती पाना न लावता उघडली आणि एकही प्रश्न न विचारता नातीच्या दप्तरातील खोडरबर मागवले. खोडरबराने त्यांनी संपर्काची कळ आणि नळीची आतली कड घासली, चुंबके एकदा नाकासमोर धरून योग्य बाजूने बसवली, कळ अर्धा फेरा बाहेर काढली आणि बॅटरीकडे पाहून लेकीला हाक मारली. ‘ही उतरलीय. चार्जिंगला लाव.’ लेकीने ती लावली. ती लावताना तिने नवऱ्याकडे पाहिलेही नाही, आणि तिचा हा संयम दाद देण्याजोगा होता.

चहा झाल्यावर भरलेली बॅटरी आत गेली. ॲटोमायझर मात्र जावयाने प्रसंग ओळखून आधीच खिशात टाकला होता. सासऱ्यांनी टोपण आवळले, बटण दाबले, वर-खाली निरखले, खोलीचा पडदा ओढून घेऊन पुन्हा दाबले.

‘उजेड कुठाय?’

‘तेच तर शोधतोय, बाबा, कधीपासून.’

सासऱ्यांनी नळीच्या उघड्या डोक्यात करंगळी घालून पाहिली आणि निवृत्तीनंतर बऱ्याच काळाने एखादे खरे प्रकरण हाती लागल्याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर उमटले. ‘अहो, याला बल्बच बसवलेला नाही,’ ते म्हणाले. ‘इतके दिवस बल्ब नसलेली टॉर्च उघडून बसलात? एवढं शिकलात, इथवर आलात, कुणाला साधं विचारायचं तरी.’

‘मीही तेच म्हणत होते,’ पत्नी म्हणाली.

कोथिंबीर आणि दही आणायला बापलेक बाजारात निघाले तेव्हा सासऱ्यांनी ती नळी नमुन्यादाखल पिशवीत घालून बरोबर घेतली, आणि या मापाचा बल्ब मिळेपर्यंत ती आपल्याच ताब्यात राहील, असे दारातून जावयाला बजावले.